गुलाबी डब्यातली काळी पावडर

दादा, तुझा फोटो बघून मला ओकारी आली. खरं तेच सांगते. तोंडाला पदर लावून मी मोरीकडे पळाले आणि बसलेल्या बायका म्हणाल्या, बिचारी, भावाच्या जाण्याने जीव कासावीस झालाय तिचा. दुःख होतंच रे, ते कुठे जातंय. पण त्या घडीला पोटातून जे वर आलं ते दुःख नव्हतं, शिसारी होती.

तुला जाऊन तिसराच दिवस होता तो. निखिलने स्नेहलतागंजच्या स्टुडिओतून तुझा फोटो मोठा करून आणला, सोनेरी फ्रेममध्ये, आणि दिवाणावर उभा केला. "आत्या, बघ ना, पप्पा किती फ्रेश दिसून राहिलेत!" म्हणाला. मी बघितलं. शर्ट तुझा, तो चौकडीचा. केस तुझे. डावा कान तुझाच, थोडा पुढे आलेला. आणि मधोमध एक तोंड. गोरंपान, गुळगुळीत, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं. त्यावर एक खड्डा नाही. चार वर्षांचा असताना तुला देवी आल्या आणि गाल, नाक, कपाळ, काही म्हणता काही सोडलं नाही त्यांनी. पन्नास वर्षं ते तोंड तू उन्हातान्हात, थिनरच्या वासात वागवलंस, आणि त्या स्टुडिओवाल्याने दहा मिनिटांत पुसून टाकलं. वर निखिलला म्हणाला म्हणे, "अंकल का फेस बहुत रफ था, मैंने स्मूथ कर दिया."

रफ था! अरे, माणसाचं तोंड आहे की कुणाच्या घरची भिंत? तिथल्या तिथे जाऊन मी त्याचंच थोबाड रंगवून आले असते. पण घरात माणसं होती. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, फोटोकडे न बघता. निखिलचे डोळे रडून सुजलेले, आणि बापासाठी काहीतरी चांगलं केलं एवढंच त्याच्या मनात. त्याला काय बोलणार? मी तोंड धुऊन परत येऊन बसले. मनात एकच गोष्ट फिरत होती. दाना भरला रे तुझा, दादा. या लोकांनी तुझा दाना भरला.

दाना. शुद्ध मराठीत दाणा म्हणायला पाहिजे, पण अपन इंदूरवाले, पोलोग्राउंडच्या आपल्या गाड्या रंगवायच्या शेडमध्ये सगळे दानाच म्हणतात. गाडीच्या बंपरची खालची पट्टी, चाकांवरची काळी कड, आरशाची पाठ, डॅशबोर्ड, या प्लास्टिकला जो बारीक खरबरीतपणा असतो तो दाना. जुना झालेला असला भाग रंगवायला आला की बाकीचे पेंटर काय करतात? घासतात, जाड प्रायमर थापतात, सपाट करतात आणि वर चमक मारतात. त्याला म्हणतात दाना भरणे. तू आयुष्यभर ते केलं नाहीस. साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून दान्यादान्यातली घाण काढायची. सुकवायचं. प्लास्टिकचा पातळ प्रायमर, मग रंग, तोही इतका पातळ की पहिल्या हाताला वाटावं, काही लागलंच नाही. वाळू द्यायचं, परत मारायचं. चार हात झाले तरी दाना तसाच उभा. "रंग दान्यावर बसला पायजे, दान्यात नाही," असं तू म्हणायचास आणि मी मागे उभी राहून तोंड वाकडं करायचे.

मला तो दाना बघवायचाच नाही. आधी तर त्यातली घाण. इथल्या उन्हात दोन-चार वर्षांत काळं प्लास्टिक पांढरट पडतं, मग लोक त्यावर काय काय चोळतात! डिझेल चोळतात, खोबरेल चोळतात. एका पठ्ठ्याने तर तूप चोळून आणलं होतं, आठवतं? गाडीला मुंग्या लागलेल्या. दान्यात बसलेलं ते तेल, त्यावर धूळ, त्यावर परत तेल. बोटांना काळा चिकट लपका लागायचा. शी! साबण लावून लावून हात सोलले तरी जेवताना घासाला तो वास यायचा. तू आपला मांडी घालून ब्रश चालवत बसायचास. मी म्हणायचे, "दादा, कशाला हा छळ? भरून टाक ना एकदाचा. गिऱ्हाइकाला चमक पायजे." तू मान वर न करता म्हणायचास, "चमक पायजे तर आरसा घेऊन जा म्हणावं."

सातव्या दिवशी तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, पांढरी चादर, मेणबत्त्या, फुलं, आणि मधोमध ते अंडं. मी पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत हात जोडून बसले होते. पंचशील म्हणत होतो सगळे. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि मी म्हणायचीच थांबले. समोर एवढं मोठं खोटं फुलांच्या हारात बसलंय आणि आपण शंभर माणसं त्याच्या तोंडावर म्हणतोय की खोटं बोलणार नाही. मला हसायला येत होतं की रडायला, मलाच कळेना. शेजारच्या बाईने पाण्याचा ग्लास पुढे केला.

आणि लोक काय बोलत होते, ऐकलं असतंस तर! पोलोग्राउंडचे तुझे ते सगळे दोस्त. दोन मधुकर होते म्हणून तुला तीस वर्षं ज्यांनी "मधु चेचक", देवीवाला मधु, म्हणून हाक मारली, तेच फोटोसमोर उभे राहून माना डोलवत होते. "क्या नूर है भिया चेहरे पे!" नूर! ज्या तोंडाला चिडवण्यात तुमची जिंदगी गेली ते तोंड गेलं, आणि आता नूर दिसला काय? मी तिथेच ओरडणार होते. नाही ओरडले. वाटीत शिरा वाढत राहिले.

मग निखिलने जाहीर केलं की हाच फोटो आता शेडच्या दारावरच्या बोर्डावर लागणार. विजय नगरला तो ज्या चकचकीत दुकानात गाड्या पॉलिश करतो, तिथे असा मालकाच्या वडिलांचा फोटो आहे म्हणे. खाली तुझं नाव, मागे लाइट. "पप्पांना एकदम प्रॉपर करू," म्हणाला. सगळ्यांना पसंत पडलं. येत्या सोमवारी बोर्ड चढवायचा असं ठरलंसुद्धा. सोमवारनंतर तू कायमचा तसाच राहणार होतास. पोलोग्राउंडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तेच तोंड दिसणार आणि दहा वर्षांनी कुणाला सांगूनही पटणार नाही की मधुकर उस्ताद असा नव्हता.

एवढी तोंडाळ मी, भाजीवाल्याला सोडत नाही, तरी गप्प बसले. का गप्प बसले ते जगात फक्त तुला ठाऊक आहे. तुझा दाना पहिल्यांदा भरायला निघाली होती ती मी.

आपण दोघं याबद्दल कधी बोललो नाही. एकदाच अगदी काठावर आलो होतो. ती विजय नगरवाल्याची पांढरी मोठी गाडी आठव. त्याला चाकांवरच्या कडा गुळगुळीत हव्या होत्या, पियानोसारख्या. तू नाही म्हणालास. तो माणूस परत आला तेव्हा तू महूला लग्नाला गेला होतास आणि मी त्याला हो म्हणून टाकलं. दोन दिवस घासत बसले. ते प्लास्टिक घासलं की त्याला बारीक लव उठते, तू सांगितलेलं होतंस. मी ती लव प्रायमरखाली दाबली. वर अशी चमक आणली की त्यात बघून केस विंचरावेत. गिऱ्हाईक खूश, मी तर काय विचारू नको. तू परत आल्यावर मी काही सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी तो माणूस बोंबलत आला. धुलाईच्या जोराच्या पाण्याने माझी सगळी चमक पापुद्रे पापुद्रे होऊन निघाली होती, उन्हाने सोललेल्या पाठीसारखी. खालून ती लव, वरून लोंबणारी काळी सालं. बघूनच मला घाण वाटली. तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाहीस. त्याला म्हणालास, "गलती मेरी है भिया, मैं नया करके दूँगा." आणि तीन दिवस बसून तू माझं पाप खरवडलंस. नवीन कडा मागवल्यास, त्यांचा दाना होता तसा ठेवून रंगवल्यास. तिसऱ्या दिवशी हात पुसता पुसता विचारलंस, "सुमे, तुला दाना बघवत का नाही गं?"

मी म्हटलं, "मला घाण वाटते."

तू माझ्याकडे बघितलंस. ते सगळे खड्डे, त्यात दिवसभराची करडी धूळ बसलेली. जीभ चावली मी, पण बोलून गेलेलं थोडंच गिळता येतं? तू म्हणालास, "डबा दे." मी डबा दिला. तू पुढच्या कामाला लागलास.

तो डबा आता सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्या शेडच्या फळीवर तो टिनचा गुलाबी डबा आहे, पावडरचा, वरचं गुलाबाचं चित्र झिजून नुसता डाग उरलाय. आत काळी पावडर. पत्र्याच्या दरवाजाला पुट्टी लावली की त्यावर ती काळी पावडर चोळायची आणि मग घासायचं. सपाट भाग साफ होतो, खड्ड्यात काळं उरतं. जिथे काळं तिथे काम बाकी. मी पहिल्यांदा शेडमध्ये आले तेव्हा हेच शिकवलंस. "पावडर खड्डा झाकत नाही सुमे, दाखवते." एवढंच म्हणालास, चेहऱ्यावर काही नाही. मी डब्याकडे बघितलं आणि ओळखलं. माझाच होता तो.

मी एकवीस वर्षांची होते. मला बघायला देवासचे पाहुणे येणार होते. आईने घर सारवल्यासारखं पुसून काढलं, फौजेतल्या आजोबांचं पदक भिंतीवर लावलं, बाबांनी पोहे-जलेबी आणली. आणि माझा जीव कशात? तुझ्या तोंडात. त्यांना वाटलं तर, की हे घराण्यातच आहे? की उद्या हिच्या पोरांना असं काही झालं तर? डोकं होतं का मला? नव्हतंच. सकाळी मी हाच डबा घेऊन तुझ्यासमोर बसले. "दादा, थोडी लावते ना." तू सव्वीस वर्षांचा बाप्या, कमावता, अगदी गुपचूप तोंड पुढे केलंस. डोळेसुद्धा मिटलेस. मी थापली. गाल, नाक, कपाळ. ती पावडर खड्ड्याखड्ड्यात जाऊन बसली. तोंडभर पांढरे ठिपके. मे महिना, घामाचे ओघळ. आधी होतास त्याहून दसपट वाईट दिसायला लागलास, आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "शी! राहू दे. तू आतच बस."

तू आत बसलास. गव्हाच्या कोठीशेजारी, पडद्यामागे. पाहुण्यांतल्या म्हातारीने विचारलं, "मुलीचा भाऊ दिसत नाही तो?" बाबा म्हणाले, "महूला गेलाय, कामाला." तू तीन हातांवर होतास दादा. मी ट्रे घेऊन पडद्यातून बाहेर जाताना तुझा पाय मला लागला. तू तो आत ओढून घेतलास.

पाहुणे गेल्यावर तू बादलीभर पाण्याने तोंड धुतलंस आणि डबा उचललास. "हा मी नेतो शेडमध्ये. तुझं काम झालं ना?" म्हणालास. लग्न जमलं होतं, सगळे हसत होते, मीही हसले. ज्याच्यासाठी तुला लपवलं त्याचं तोंड बाकी अगदी साफ होतं हो, बटाट्यासारखं. आत काय होतं ते चार वर्षांत कळलं. मी पेटी घेऊन परत आले तेव्हा आई चार प्रश्न विचारूनसुद्धा थांबली नाही. तू एक नाही विचारलास. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालास, "चल, घासायला ये." त्या घासण्यावर मी उभी राहिले. रंग मिसळायला शिकले, गन धरायला शिकले, पोलोग्राउंडमध्ये "सुमनदीदी" झाले. आणि पंचवीसएक वर्षं तू "डबा दे" म्हणालास की मी डबा देत राहिले. एकदा, एकदा तरी म्हणायला नको होतं का मी, की दादा, चुकले? तोंड होतं ना मला? सगळ्या जगाला ऐकवायला होतं.

शनिवारी, बोर्डाच्या दोन दिवस आधी, मी तो फोटो उचलला. वहिनीला म्हटलं, फ्रेम ढिली झालीय, ठोकून आणते. शेडमध्ये आले. तू गेल्यापासून शटर उघडलं नव्हतं. आत स्टँडवर तो छोट्या गाडीचा बंपर तसाच टांगलेला, ज्यावरून आपण शेवटचे भांडलो होतो. मी म्हणत होते भरून टाकू, तू तीन हात मारून ठेवले होतेस, चौथा बाकी. मी पदर खोचला, बंपर पुसून घेतला, रंग गाळला आणि तू गन धरायचास त्या अंतरावरून चौथा हात मारला. बरा बसला. वाळल्यावर बोट फिरवलं. दाना उभा होता.

मग मी फ्रेम उलटी केली, खिळे काढले आणि तुझा फोटो बाहेर घेतला. वरून गुळगुळीत कोटिंग केलेला. फळीवरचा डबा काढला. फडक्याला काळी पावडर लावली आणि तुझ्या तोंडावरून फिरवली. गालावरून, नाकावरून, कपाळावरून. दादा, कुठे थांबलीच नाही रे. एक कण धरला नाही कशाने. फुंकर मारली आणि सगळी उडून गेली. त्या तोंडात तू कुठेच नव्हतास. मी खाली फरशीवर बसले आणि तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडले.

"आत्या! काय करून राहिलीस तू?" निखिल दारात. बोर्डाचं माप घ्यायला आला होता, मागे वहिनी. उघडी फ्रेम, काळा फडका, माझे काळे हात. पोरगा भडकला. "मी किती मेहनत केली, आणि तू पप्पांचं तोंड काळं करतेस?"

"तोंड असतं तर काळं झालं असतं," मी म्हटलं. आणि मग सांगितलं. सगळं. पाहुणे, पावडर, पडदा, बाबांचं उत्तर, पाय. त्या दोघांसमोर, फरशीवर बसून, नाक ओढत. इतकी वर्षं जे तुला सांगायचं होतं ते तुझ्या बायकोला आणि पोराला सांगितलं. तेव्हा स्वतःची जेवढी किळस आली तेवढी मला कधी कशाचीच आली नव्हती. दान्यातल्या त्या तुपाची नाही, डिझेलची नाही.

निखिल माझ्याशेजारी फरशीवर बसला. मग म्हणाला, "म्हणून पप्पा फोटो काढू देत नव्हते?"

"हो."

"मला वाटायचं, त्यांना शौक नाही."

वहिनी स्टँडला धरून उभी होती. ती सहसा बोलत नाही, तुला माहीतच आहे. म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा हे मुद्दाम खिडकीपाशी येऊन बसले होते. म्हणाले, उजेडात नीट बघून घ्या, मागाहून बोलायचं नाही. मी नीट बघूनच हो म्हटलं होतं." मग त्या फोटोकडे बोट केलं. "यांना मी हो म्हटलं नव्हतं. इतके दिवस यांच्यासमोर मेणबत्ती लावतेय, पण परक्या माणसासमोर बसल्यासारखं वाटतं."

निखिलने खिशातून मोबाइल काढला. अंगठा फिरवत राहिला, फिरवत राहिला. मग माझ्यासमोर धरला. हाच फोटो, असली. तुला न कळत काढलेला, याच शेडमध्ये. मास्क गळ्यात, चौकडीचा शर्ट, तू कुणाकडे तरी बघून हसतोयस. तोंडावर करडा प्रायमर उडालेला, आणि खड्ड्याखड्ड्यात बसलेला. एकूण एक दिसत होता. वहिनीने पदराचं टोक घेतलं आणि मोबाइलवर तुझा गाल पुसला. सवयीने.

स्टुडिओत मी स्वतः गेले. त्याला म्हटलं, हा मोठा कर, आणि कागद चमकणारा नको, मॅट. तो स्क्रीनवर तुझं तोंड मोठं करून बघत म्हणाला, "आंटीजी, थोड़ा तो साफ करना पड़ेगा, बहुत दाने हैं." मी म्हटलं, "हात लगाया ना भिया, तो तेरी दुकान पे बैठ जाऊँगी, और उठूँगी नहीं." त्याने हात लावला नाही. तरी मी प्रिंट निघेपर्यंत उभीच राहिले, भरवसा काय असल्यांचा.

बोर्ड सोमवारी नाही, गुरुवारी चढला. मागे लाइट नाही. निखिलने स्वतः शिडीवर चढून लावला, आणि खाली उतरून कितीतरी वेळ बघत उभा राहिला. तुझ्या त्या दोस्तांपैकी एक जण चहा पीत आला, वर बघून कप तसाच घेऊन परत गेला. जाऊ दे त्याला.

मी अजून तशीच आहे दादा. अजूनही कुणी डिझेल चोळलेला बंपर आणला की शिवी येते तोंडात, आणि ब्रश घेऊन बसले की दान्याला पण देते एखादी. पण भरत नाही. डबा फळीवर आहे, तिथेच. कुणी "डबा दे" म्हणणारं नाही, मीच उठते आणि घेते.

काल एक नवीन गिऱ्हाईक आलं. आरशाच्या पाठी रंगवायच्या होत्या. मी माप घेत होते, ती बाई बोर्डाकडे मान वर करून बघत होती. चांगलं निरखून बघितलं तिने, जवळ जाऊन. मग मला विचारलं, "ये कौन हैं?"

उस्ताद म्हणता आलं असतं. मालक म्हणता आलं असतं. पण माझ्या तोंडून मराठीच निघालं, मोठ्याने, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"मुलीचा भाऊ."

तिला काही कळलं नाही. मी समजावत बसले नाही.